भाड्याची विमाने आणि तोंड बांधलेले डिस्पॅचर

१५ जून २०२५ रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास केदारनाथहून गुप्तकाशीकडे निघालेले एक हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळच्या जंगलात कोसळले आणि त्यातील सातही जण मरण पावले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथील पती-पत्नी आणि त्यांची दोन वर्षांचीही न झालेली मुलगी होती. आकाश ढगाळ होते, दरीत धुके होते. कंपनीला उड्डाणासाठी नेमून दिलेली वेळ सकाळी सहा ते सात अशी होती. हेलिकॉप्टर त्याआधीच उडाले, असे पोलिसांकडे नोंदविलेल्या फिर्यादीत म्हटले आहे. व्यवस्थापकांवर गुन्हा दाखल झाला, राज्यकर्त्यांनी शोक व्यक्त केला, सेवा दोन दिवस बंद राहिली.

अशा प्रसंगी वृत्तपत्रे दोन प्रश्न हमखास विचारतात. हवामान कसे होते? वैमानिक अनुभवी होता काय? या दोन्हींच्या आधी येणारा तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्या पहाटे जमिनीवर, हवामानाची ताजी माहिती समोर घेऊन बसलेला आणि ‘हे उड्डाण आत्ता होणार नाही’ असे म्हणण्याचा कायदेशीर अधिकार असलेला कोणी कर्मचारी होता काय? आणि असला तर तसे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी शाबूत राहिली असती काय?

या कर्मचाऱ्याला विमानवाहतुकीच्या भाषेत फ्लाइट डिस्पॅचर म्हणतात. प्रवाशाला तो कधीच दिसत नाही. उड्डाणाच्या काही तास आधीपासून तो मार्गावरील वारे, ढग, वादळे, बर्फ यांचे अहवाल वाचतो. कोणत्या विमानतळाची धावपट्टी बंद आहे, कोठला दिवा वा यंत्र नादुरुस्त आहे याच्या सूचना तपासतो. विमानाचे वजन आणि त्याचा तोल मांडतो. ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही तर कोठे उतरावयाचे ते निश्चित करतो. आणि या साऱ्याला पुरून उरेल इतके इंधन किती, याचा हिशेब करतो. विमान हवेत गेल्यावर तो जमिनीवरून त्याच्यावर लक्ष ठेवतो. हिशेब करणे हे त्याच्या कामाचे अर्धे अंग. दुसरे आणि अधिक मोलाचे अंग म्हणजे नकार देणे. ज्या डिस्पॅचरला नकार देता येत नाही, तो महागड्या टेबलापाशी बसलेला कारकून होय.

हक्क कोठून आला आणि कोठे संपतो

हा नकाराचा हक्क कोणा मालकाने उदारपणे बहाल केलेला नाही. ६ मे १९३५ रोजी अमेरिकेत मिसूरी राज्यातील अटलांटा या गावाजवळ एक डीसी-२ प्रवासी विमान कोसळले. हवामान बिघडलेले, इंधन संपत आलेले, रेडिओ बिघडलेला, अशी ती अवस्था होती. मृतांमध्ये न्यू मेक्सिकोचे सिनेटर ब्रॉन्सन कटिंग होते. टपालाची विमाने उडविणारे तरुण वैमानिक त्याआधी वर्षानुवर्षे मरत होते, तेव्हा जे कायदेमंडळ स्वस्थ बसले होते, ते आपल्यातील एक सभासद गेल्यावर मात्र हलले. १९३८ साली नवा विमानवाहतूक कायदा झाला आणि त्याच्या व्यवस्थेत डिस्पॅचरला सरकारी प्रमाणपत्र व अधिकार मिळाले.

आज अमेरिकेच्या नियमांनुसार नियमित विमान कंपनीच्या उड्डाणाची जबाबदारी कॅप्टन आणि डिस्पॅचर या दोघांवर संयुक्तपणे असते. डिस्पॅचरने स्पष्ट परवानगी दिल्याविना विमान निघू शकत नाही. विमान हवेत असतानाही, पुढे जाणे सुरक्षित नाही असे दोघांपैकी एकाला जरी वाटले, तरी कॅप्टनला ते पुढे नेता येत नाही. डिस्पॅचरला प्रमाणपत्रासाठी किमान २०० तासांचे शिक्षण, लेखी व प्रत्यक्ष परीक्षा आणि वयाची २३ वर्षे पूर्ण करावी लागतात. सलग दहा तासांहून अधिक काळ त्याला कामावर ठेवता येत नाही आणि सात दिवसांत एक पूर्ण दिवस मोकळा द्यावा लागतो. अमेरिकन आणि साउथवेस्ट यांसारख्या कंपन्यांतील डिस्पॅचर ट्रान्सपोर्ट वर्कर्स युनियनमध्ये संघटित आहेत. कागदावरचा हक्क टेबलापर्यंत पोचतो तो त्या संघटनेमुळे.

पण हे सारे नियमित, वेळापत्रकानुसार चालणाऱ्या कंपन्यांपुरते. त्या कुंपणाबाहेर पाऊल टाकताच कायद्याचा आवाज बसतो. मोठी विमाने भाड्याने देणाऱ्या, वेळापत्रकाबाहेरच्या कंपन्यांत कॅप्टनचा जोडीदार म्हणून प्रमाणित डिस्पॅचर नव्हे, तर कंपनीचा कार्यसंचालक, म्हणजे मालकाचाच विश्वासू अधिकारी, जबाबदार धरला जातो. तो आपले काम खालच्या माणसाकडे सोपवू शकतो. त्या खालच्या माणसाला सरकारी प्रमाणपत्राची गरज नाही. आणि छोट्या जेट विमानांची, हेलिकॉप्टरांची जी मागणीनुसार चालणारी सेवा आहे, तेथे नियम एवढेच मागतो की, विमान कोठे आहे हे कंपनीला कळण्याची काही व्यवस्था असावी. दहा तासांची मर्यादा तेथे नाही. संयुक्त जबाबदारी नाही. काम तेच, वादळ तेच, डोंगर तोच. फक्त कामगाराच्या हातातील अधिकार काढून घेतलेला.

या कुंपणाला भगदाडे पाडून भांडवल कसे आरपार जाते, याचे एक उदाहरण डलास शहरातील एका कंपनीने घालून दिले आहे. ५० आसनांच्या विमानातील आसने काढून तिने ती ३० वर आणली. ३० आसनांपर्यंत ‘चार्टर’च्या सैल नियमांखाली राहता येते, आणि सार्वजनिक चार्टर या सवलतीचा आधार घेऊन ही कंपनी रोजच्या ठरावीक वेळांची तिकिटे सर्वसामान्य प्रवाशांना विकते. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाने या पळवाटेचा फेरविचार करण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा वैमानिकांच्या संघटनेने त्याला पाठिंबा दिला. मोठ्या कंपन्यांनीही दिला. अर्थात त्यांचे दुःख सुरक्षिततेचे कमी आणि गिऱ्हाईक फुटल्याचे अधिक. त्या कंपनीने आपल्या मर्जीने डिस्पॅचर ठेवले की नाही हा येथे प्रश्न नाही. मर्जी आणि कायदा यांतील फरक कामगाराला समजावून सांगण्याची गरज नसते. खुर्च्या काढल्या आणि विमानाबरोबर जमिनीवरच्या माणसाची बंधनकारक सहीही गळून पडली.

याहून निर्लज्ज हिशेब हवाई रुग्णवाहिकांचा आहे. जानेवारी २००२ ते जानेवारी २००५ या तीन वर्षांत अमेरिकेत अशा विमान-हेलिकॉप्टरांचे ५५ अपघात होऊन ५४ माणसे मेली, असे तेथील वाहतूक सुरक्षा मंडळाने २००६ साली दाखवून दिले आणि रीतसर डिस्पॅच व उड्डाणावर सतत देखरेख यांची शिफारस केली. त्यावर नियम यावयास २०१४ साल उजाडले. आणि नियम काय आला? ज्या कंपनीजवळ दहा किंवा अधिक हेलिकॉप्टर-रुग्णवाहिका आहेत, तिनेच नियंत्रण केंद्र ठेवावे, तेथील तज्ज्ञाला दहा तासांहून अधिक काळ राबवू नये! नऊ हेलिकॉप्टरांच्या कंपनीने उचललेल्या रुग्णाने काय करावे? स्ट्रेचरवर चढण्यापूर्वी कंपनीची हेलिकॉप्टरे मोजावीत?

दोन सह्या, खिसा एक

२८ नोव्हेंबर २०१६ ची घटना या विषयात मैलाचा दगड ठरावी अशी आहे. ब्राझीलमधील शापेकोएन्से हा फुटबॉल संघ कोलंबियातील मेडेयीन येथे दक्षिण अमेरिकी स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी निघाला होता. छोट्या शहरातील हा संघ, त्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा सामना. ब्राझीलहून थेट उड्डाणाला तेथील अधिकाऱ्यांनी परवानगी नाकारली, म्हणून खेळाडू आधी बोलिव्हियातील सांता क्रूझ येथे गेले आणि तेथून लामिया नावाच्या एका चार्टर कंपनीच्या विमानात बसले. हे विमान मेडेयीनच्या अलीकडे डोंगरावर कोसळले. ७७ पैकी ७१ जण मेले. इंजिनात बिघाड नव्हता, वीज पडली नव्हती, घातपात नव्हता. टाकीतील इंधन संपले होते. अवशेषांना आग लागली नाही, कारण जळावयास काही शिल्लकच नव्हते.

आता उड्डाणाचा आराखडा पाहावा. सांता क्रूझच्या विमानतळावर दाखल केलेल्या कागदात उड्डाणाचा अंदाजे काळ ४ तास २२ मिनिटे लिहिला होता. त्याच कागदात इंधन किती काळ पुरेल, या रकान्यात लिहिले होते ४ तास २२ मिनिटे. म्हणजे घिरट्यांसाठी शून्य, दुसऱ्या विमानतळासाठी शून्य, धावपट्टी मोकळी होण्याची वाट पाहण्यासाठी शून्य. विमानशास्त्राचा गंध नसलेल्या माणसालाही हा हिशेब कळतो. बैलगाडी हाकणारासुद्धा वैरण इतकी मोजून बांधत नाही. वाटेत कोबिखा येथे इंधन घेण्याचा मूळ बेत होता. परंतु निघावयास उशीर झाला आणि तो विमानतळ रात्री बंद होणारा. बोगोटा येथेही उतरता आले असते. उतरले नाहीत.

कागद स्वीकारणारी विमानतळावरील सरकारी कर्मचारी स्त्री अडली होती. तिने एकामागून एक हरकती काढल्या. उड्डाणकाळ आणि इंधन एकच कसे, हेही विचारले. तिच्या सांगण्याप्रमाणे कंपनीच्या डिस्पॅचरने उत्तर दिले की, कॅप्टनने असेच सांगितले आहे, विमान वेळेआधी पोचेल, भागून जाईल. कागद पुढे सरकला. डिस्पॅचर स्वतः त्याच विमानात बसला आणि त्यातच मेला.

या मृत माणसाला वृत्तपत्रांनी निष्काळजी ठरविले. तसे ठरविणे अत्यंत सोयीचे आहे. परंतु एक साधी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे: विमानाचा कॅप्टन हा लामियाच्या मालकांपैकी एक होता. ज्याचे इंधनाचे बिल, ज्याचे विमान, ज्याचे गिऱ्हाईक, तोच चालक. आणि ज्याने त्याला ‘नाही’ म्हणावयाचे, तो त्याचा पगारी नोकर. डिस्पॅचची सारी कल्पना या गृहीतावर उभी आहे की, दोन डोकी स्वतंत्रपणे विचार करतील आणि एकाची चूक दुसरा पकडील. येथे कागदावर सह्या दोन होत्या, खिसा एक होता. कोलंबियाच्या तपासाने असेही दाखविले की, कंपनीने पूर्वीही काठावरचे इंधन घेऊन उड्डाणे केली होती आणि ती निभावली होती. दरवेळी वाचलेला पैसा मालकाला मिळत होता; चुकलेल्या वेळेची किंमत ७१ जणांनी दिली.

आणि हरकती काढणाऱ्या त्या कर्मचारी स्त्रीचे काय झाले? बोलिव्हियाच्या सरकारने तिच्यावरच खटला भरला. ती सीमा ओलांडून ब्राझीलला गेली, आश्रय मागितला. २०२१ साली तिला तेथे अटक झाली. तिच्या हातात उड्डाण रोखण्याचा अधिकार नेमका किती होता, यावर वकील वाद घालोत. ज्या व्यवस्थेत हरकत लिहिणारी आरोपी होते, त्या व्यवस्थेत पुढच्या वेळी हरकत लिहावयास कोण धजेल, हा प्रश्न वकिलांचा नाही.

गिऱ्हाईक हाच हुकूम

लामियात मालक कॅप्टनच्या खुर्चीत होता. पुष्कळदा तो मागच्या आसनावर, भाडे मोजणाऱ्याच्या रूपात बसलेला असतो. २९ मार्च २००१ रोजी लॉस एंजेलिसहून कोलोराडोतील अ‍ॅस्पेनला एक भाड्याचे गल्फस्ट्रीम जेट निघाले. अ‍ॅस्पेन हे श्रीमंतांचे बर्फातील क्रीडास्थान, चहूबाजूंनी डोंगर. त्या जातीच्या विमानाला तेथे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच उतरण्याची मुभा होती. पाहुणे उशिरा आले, विमान उशिरा निघाले. दुसरीकडे उतरावे लागेल, असे कॅप्टनने सुचविल्याचे कळताच भाडेकरू संतापला; त्याच्या साहाय्यकाने कंपनीच्या कचेरीत फोन करून निरोप दिला की, विमान दुसरीकडे नेले जाणार नाही आणि कॅप्टनने आपली मते स्वतःजवळ ठेवावीत. अंधारात, हिमवर्षावात विमान डोंगरउतारावर आदळले. १८ जण ठार झाले. तपास मंडळाने वैमानिकांची चूक नोंदविलीच. पण कारणांच्या यादीत, भाडेकरूचा कॅप्टनवरील दबाव हेही स्पष्ट शब्दांत लिहिले.

तो फोन कचेरीत कोणी घेतला? उड्डाणांचे वेळापत्रक लावणाऱ्या एका कर्मचाऱ्याने. नियमित विमान कंपनीत फोनच्या त्या टोकाला प्रमाणित डिस्पॅचर असता, सूर्यास्ताची वेळ आणि हवामान पाहून विमान देन्व्हरकडे वळविण्याचा अधिकार त्याला असता आणि भाडेकरूच्या संतापाचे त्याला काही देणेघेणे नसते. येथे निरोप्या होता. निरोप त्याने पोचविला.

आपल्या देशात

भारतात १९५३ साली विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, १९९४ साली त्या कायद्याला मूठमाती देण्यात आली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांच्या हाती गेली. सार्वजनिक क्षेत्रातील त्या कंपन्यांचे दोष अनेक होते. परंतु त्यांच्या उड्डाण-नियोजन कक्षातील कर्मचाऱ्याजवळ सेवाज्येष्ठता होती, संघटना होती आणि अधिकाऱ्याशी वाद घालून संध्याकाळी घरी जाण्याची निश्चिंती होती. आज हे काम शिकून बाहेर पडणारा तरुण मोठ्या कंपनीत शिरू शकला नाही तर चार्टर कंपनीच्या, हेलिकॉप्टर कंपनीच्या किंवा डिस्पॅच ‘सेवा’ विकणाऱ्या कंत्राटदाराच्या दारात उभा राहतो.

तेथे त्याच्या टेबलावर काय येते? हवामान आणि इंधन तर येतेच. त्याशिवाय हवाई संरक्षण मंजुरीचा एडीसी क्रमांक, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक, परदेशी उड्डाण असेल तर देशोदेशींच्या परवानग्या, विमानतळाच्या उघडण्या-मिटण्याच्या वेळा, इंधनाची गाडी. आणि मग वैमानिकांचे हॉटेल, साहेबांची मोटार, जेवणाचे डबे, शेवटी बिल. वादळाचा अहवाल वाचणारा माणूस त्याच क्षणी खानपानवाल्याशी हुज्जत घालीत असतो. छोट्या कंपनीत अशी दोन-तीन माणसे आळीपाळीने रात्रंदिवस फोनवर असतात. ज्याची पाळी संपली त्याचाही फोन बंद नसतो. मालक याला ‘बहुकुशलता’ म्हणतात.

निवडणुकीच्या हंगामात तर या कर्मचाऱ्याची खरी कसोटी लागते. आपल्याकडे डोळ्यांनी पाहून चालविण्याच्या उड्डाणांना सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी बंदी आहे. नेत्यांची तिसरी सभा लांबते, हार-तुरे लांबतात, सूर्य मात्र कोणत्याही पक्षाच्या शिस्तीत नसल्याने वेळेवर मावळतो. हेलिपॅडवरून फोन येतो: साहेब निघालेत, बघा काहीतरी. या ‘बघा काहीतरी’ला ‘मोटारीने जावे’ असे उत्तर देणाराच्या मागे कायदा किती उभा आहे आणि मालक किती उभा आहे, यावर साहेबांचेही प्राण अवलंबून असतात. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे यांचे छोटे विमान उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ खराब हवामानात कोसळून आठ जण दगावले. ते सभेसाठीच निघाले होते.

आणि हा केवळ साहेबांचा प्रश्न आहे, असे म्हणून कामगार वाचकाने पान उलटू नये. २८ जून २०१८ रोजी भर पावसाळ्यात जुहूहून चाचणी उड्डाणासाठी निघालेले एका बिगर-नियमित कंपनीचे छोटे विमान घाटकोपरच्या दाट वस्तीत पडले. दोन वैमानिक, दोन तंत्रज्ञ आणि खाली असलेला एक मजूर, असे पाच जण गेले. दुपारची वेळ होती. शंभर हातांवर शाळा वा चाळ असती तर काय झाले असते, याची कल्पना मुंबईकराला करावयास नको. हवामान खराब असल्याने आज उड्डाण होणार नाही, असे वैमानिक स्त्रीने घरी सांगितले होते, हे तिच्या पतीने त्या वेळी जाहीरपणे म्हटले होते. ते उड्डाण झाले. पावसातील चाचणीची निकड कोणाला होती? त्या मजुराला नव्हती. त्याने तिकीट काढले नव्हते, विमान भाड्याने घेतले नव्हते. त्याला कदाचित ते उडाल्याचेही ठाऊक नव्हते. केदारनाथचे यात्रेकरूही धनिक नव्हेत. वर्षानुवर्षे पैसे साठवून, म्हाताऱ्या आईबापांना पायपीट नको म्हणून हेलिकॉप्टरचे तिकीट काढणारी ही सामान्य माणसे आहेत. आणि जितक्या अधिक फेऱ्या तितका अधिक गल्ला, या हिशेबात त्यांची जीवने मांडली जातात.

मालकांची बाजू

मालकवर्ग यावर तीन उत्तरे देतो. पहिले: अंतिम अधिकार कॅप्टनचा असतो, मग आणखी एक माणूस कशाला? हे उत्तर वैमानिकाचा सन्मान करीत नाही. ते त्याला एकाकी पाडते. कॅप्टनला मागे बसलेल्या गिऱ्हाईकाचा चेहरा दिसतो, घड्याळ दिसते, पुढच्या कंत्राटाची चिंता असते. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांच्यासह नऊ जणांना घेऊन जाणारे भाड्याचे हेलिकॉप्टर ढगात शिरून टेकडीवर आदळले. तेथील तपासात गिऱ्हाईकाने दबाव आणल्याचे निघाले नाही. वैमानिकाने स्वतःच स्वतःवर दबाव आणला असावा, आणि कंपनीची सुरक्षिततेवरील देखरेख अपुरी होती, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे कोणी न ओरडताही दडपण काम करते. ते आसनाबाहेरच्या, ज्याला गिऱ्हाईकाचा चेहरा दिसत नाही अशा माणसानेच उतरवावयाचे असते.

दुसरे उत्तर: आता सारे संगणक करतो. संगणक मार्ग काढतो, इंधन मोजतो, हे खरेच. आणि त्यामुळे डिस्पॅचरचे श्रम हलके झाले तर स्वागतच आहे. पण ४ तास २२ मिनिटे हा आकडा दोन्ही रकान्यांत छापावयाला कोणत्याही यंत्राची हरकत नसते. यंत्राला नोकरी जाण्याची भीती नाही, तसा तुरुंगात जाण्याचा धोकाही नाही, म्हणून त्याच्या नकाराला वजन नाही; मालक एक कळ दाबून तो पुसू शकतो. शिवाय ही यंत्रे कोणाची आहेत? टपालविमानाच्या एल्री जेपसन नामक वैमानिकाने दहा सेंटच्या वहीत, स्वतःचा व सहकाऱ्यांचा जीव वाचावा म्हणून, धावपट्ट्या आणि डोंगर टिपून ठेवले. त्या टिपणांतून १९३४ साली नकाशांची कंपनी निघाली. बोइंगने ती २००० साली दीड अब्ज डॉलरला घेतली आणि २०२५ साली, तिच्याबरोबर उड्डाण-नियोजनाची इतर संगणकीय साधने बांधून, १०.५५ अब्ज डॉलरला थोमा ब्राव्हो या गुंतवणूक भांडवलाच्या कंपनीला विकली. कामगारांनी एकमेकांसाठी जमविलेले ज्ञान आज वर्गणी भरून कामगारांनाच वापरावे लागते.

तिसरे उत्तर अधिक प्रामाणिक आहे: दोन विमानांची कंपनी चोवीस तास डिस्पॅचर ठेवू शकत नाही, परवडत नाही. मान्य करावयास हरकत नाही. मग तिने एकट्याने ठेवू नये. एका केंद्रातून वीस छोट्या कंपन्यांची उड्डाणे सोडता येतात. कंत्राटदार तेच करीत आहेत. फरक इतकाच की, कंत्राटदाराचे केंद्र दर वर्षी कंपनीकडून कंत्राटाचे नूतनीकरण मागते, आणि वारंवार ‘नाही’ म्हणणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही. केंद्र सार्वजनिक मालकीचे असावे, त्याचा खर्च प्रत्येक भाड्याच्या उड्डाणावरील आकारणीतून यावा आणि तेथील डिस्पॅचरचे वेतन उड्डाण विकणाऱ्याच्या हातून जाऊ नये, म्हणजे परवडण्याचा प्रश्न उरत नाही. उरतो तो नफ्याचा.

कामगार कोण?

हा लढा द्यावयाचा कोणी, याची वाट २१ नोव्हेंबर २०२५ पासून अधिक अवघड झाली आहे. त्या दिवशी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या. औद्योगिक संबंध संहितेनुसार व्यवस्थापकीय काम करणारा ‘कामगार’ नव्हे. देखरेखीचे काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणाराही नव्हे. चार्टर कंपनी आपल्या डिस्पॅचरला नियुक्तिपत्रावर ‘ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘मॅनेजर’ म्हणते, ते त्याचा मान वाढावा म्हणून नव्हे. न्यायालये हुद्द्याची पाटी न पाहता प्रत्यक्ष काम पाहतात, हे खरे. पण न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोचण्याची वर्षे बेकार माणसाने कशावर काढावयाची? नोकरीच्या अटी नक्की करणारे स्थायी आदेश पूर्वी १०० कामगारांच्या आस्थापनेला लागत, महाराष्ट्रात ५० च्या. आता ३०० ची मर्यादा आहे. भाड्याच्या विमानांच्या धंद्यात ३०० माणसांची कंपनी विरळा. जोडीला ठरावीक मुदतीच्या नेमणुकीची मुभा आहेच: नकार देणाऱ्याला काढून टाकण्याचीही गरज नाही, त्याची मुदत फक्त वाढवू नये.

येथे कामगार चळवळीनेही आपल्या पदरात पाहिले पाहिजे. विमान उद्योगातील संघटना नियमित कंपन्यांच्या फाटकाशी थांबल्या. जुहूच्या हँगरमधील, उत्तराखंडच्या हेलिपॅडवरील, कंत्राटदाराच्या भाड्याच्या खोलीत रात्री पडद्यांसमोर बसलेली माणसे ‘साहेब लोक’ आहेत, अशी समजूत करून घेतली गेली. टाय बांधलेल्या माणसाची पिळवणूक होत नाही, हा भ्रम मालकांच्या पथ्यावर पडला.

मागण्या अवघड नाहीत. भाडे घेऊन माणसे वाहणारे कोणतेही विमान वा हेलिकॉप्टर, आसने कितीही असोत, पात्र डिस्पॅचरच्या सहीशिवाय उडू नये. कॅप्टन आणि डिस्पॅचर या दोघांचा नकार सारखाच अंतिम असावा, होकार मात्र दोघांचा लागावा. नकार लेखी नोंदला जावा आणि त्यानंतर त्या कर्मचाऱ्याला काढणे, बदलणे वा त्याची मुदत न वाढविणे ही सूडाची कारवाई समजली जाऊन, तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असावा. पाळी आठ तासांची असावी. जेवणाचे डबे आणि मोटारी यांसाठी वेगळा माणूस असावा. आणि हुद्दा काहीही लिहिलेला असो, डिस्पॅचर हा कायद्याने कामगार असावा.

गौरीकुंडच्या अपघातानंतर उत्तराखंडच्या मुख्यमंत्र्यांनी हेलिकॉप्टर सेवेसाठी देहरादून येथे समन्वय केंद्र उभारण्याचे आदेश दिले. त्या केंद्रात बसणारी माणसे कायम नोकरीत असतील की कंत्राटावर, त्यांना उड्डाण रोखता येईल की केवळ कंपन्यांना ‘सल्ला’ देता येईल, आणि यात्रेच्या गर्दीत त्यांनी एखाद्या सकाळी साऱ्या कंपन्यांची उड्डाणे थांबविली तर पर्यटन खात्याचा फोन कोण घेईल, याची उत्तरे सरकारने चारधामचा पुढचा हंगाम उघडण्यापूर्वी लेखी द्यावीत.